एक लाखाचं स्टेडियम आणि बंदोबस्ताचं बिल

तलावपाळीच्या कट्ट्यावर वाद पेटला तो आमण्याच्या स्टेडियमवरून. 16 मे 2025 ला वानखेडेवर रोहित शर्मा, अजित वाडेकर आणि शरद पवार यांच्या नावांच्या स्टँडचं उद्घाटन झालं. तेव्हा मुख्यमंत्र्यांनी एक लाख प्रेक्षक बसतील अशा नव्या स्टेडियमला जागा देण्याची तयारी दाखवली होती. भिवंडीजवळच्या आमण्याचं नाव त्याआधीपासूनच घेतलं जात होतं. म्हणजे ठाण्याच्या दारात.

मास्तर म्हणाले, "होऊ दे की! वानखेडेत 33 हजारच मावतात. साध्या माणसाला तिकीट मिळतं कुठे?"

"पैसे कोण भरणार?" वकिलाने विचारलं.

"मुंबई क्रिकेट संघटना. तिचंच आहे ना स्टेडियम."

इथे मॅनेजर मध्ये पडला. बँकेतला माणूस, पुण्याजवळच्या गहुंज्याच्या स्टेडियमचा हिशोब त्याला पाठ. पुण्यात नेहरू स्टेडियम महापालिकेचं, तिच्याशी तिकिटांच्या वाटपावरून बिनसलं आणि महाराष्ट्र क्रिकेट संघटनेने गहुंज्याला स्वतःचं मैदान उभारलं. 2013 मध्ये त्याला नाव देण्याचे हक्क 208 कोटींना सहारा उद्योगसमूहाला विकले. ठरलेले पैसे पूर्ण आलेच नाहीत, नाव उतरवावं लागलं आणि कर्ज मात्र राहिलं. 2018 मध्ये साधारण 69 कोटींच्या थकबाकीपोटी बँकांनी स्टेडियमचा प्रतीकात्मक, म्हणजे कागदोपत्री, ताबा घेतला. "नावाचा पैसा खात्यात पडेपर्यंत तो उत्पन्नात धरायचाच नाही," मॅनेजर म्हणाला. "आयपीएलचे घरचे सामने सात, वर शे-दोनशे दिवसांत एखाद-दुसरा आंतरराष्ट्रीय. कमाई दहा-बारा दिवसांची. गवत, खेळपट्टी, पंप, दिवे, माणसं यांचा खर्च 365 दिवसांचा."

मास्तरांना ते पटलं, पण ते म्हणाले, हा संघटनेचा आणि बँकेचा मामला झाला, आपल्या खिशाला काय तोशीस? तेव्हा वकिलाचा आवाज चढला. जून 2023 मध्ये सरकारने सामन्यांच्या पोलीस बंदोबस्ताचे दर उतरवले. मुंबईत एकदिवसीय आणि ट्वेंटी-20 साठी सत्तर-पंचाहत्तर लाख होते, ते 10 लाख झाले. कसोटीचे 25 लाख. शिवाय ही सूट 2011 पासून मागे लावली, म्हणजे जुनी थकबाकीही हलकी झाली. यावर उच्च न्यायालयानेही सरकारला प्रश्न विचारले. क्रिकेट मंडळाइतकी श्रीमंत क्रीडा संस्था देशात दुसरी नाही आणि तिच्या दारावर उभ्या शिपायाचा पगार आपण भरायचा? मला वकिलाचंच पटतं. आणि मास्तरांच्या प्रश्नाचं उत्तरही हेच आहे.

पंच आतापर्यंत गप्प होता. त्याने वहीच्या पानावर गणित मांडलं. एका माणसाची अंगझडती आणि पिशवी तपासायला नीट केलं तर दहा सेकंद, म्हणजे एका रांगेतून तासाला 360 माणसं. एक लाख माणसं तीन तासांत आत घ्यायची तर 93 रांगा लागतात. त्यात महिलांच्या वेगळ्या रांगा, पडद्याआड झडती, महिला पोलीस. प्रेक्षकांत चौथा हिस्सा बायका असल्या तरी अशा 23-24 रांगा हव्यात. तिथेच हात आखडला की गेट तुंबतं. पाण्याची बाटली, नाणी, पॉवरबँक नेता येत नाही हे लोकांना गेटवरच कळतं. एकाने मिनिटभर हुज्जत घातली की मागची सहा माणसं खोळंबली. वस्तू ठेवायला काउंटर आतल्या गेटवर नको, वाहनतळाशीच हवा.

"आणि सुटताना?" पंच म्हणाला. "वानखेडेहून चर्चगेट चालत गाठता येतं. आमण्याला लोकल जात नाही. समृद्धी महामार्गाचं टोक आहे, पण त्या महामार्गावर बस थांबवता येत नाही. पन्नास-पन्नास माणसं म्हटली तर बसच्या दोन हजार फेऱ्या."

4 जून 2025 ला बंगळुरूत चिन्नास्वामी स्टेडियमच्या गेटवर चेंगराचेंगरीत 11 जण गेले. त्या दिवशी तिथे सामनाही नव्हता, विजयाचा सोहळा होता. पुढे महिला विश्वचषकाचे तिथले सामने नवी मुंबईत आले.

"म्हणून पोलीस वाढवायचे," मास्तर म्हणाले.

पंचाने मान हलवली. जानेवारी 1975, वानखेडेवरची पहिलीच कसोटी. क्लाइव्ह लॉइडचं द्विशतक झालं, एक मुलगा त्याचं अभिनंदन करायला धावत मैदानात गेला, पोलिसांनी त्याला बदडलं आणि स्टँड भडकले. गर्दी हाताळायला शिकलेली स्वयंसेवकांची फळी आत हवी आणि पोलीस रस्त्यावर. त्या शिकवणीचा खर्च संघटनेने करायचा.

वकिलाने अटी सांगितल्या. जागेच्या करारातच लिहून घ्यायचं: बंदोबस्ताचे पैसे सामन्याच्या आठ दिवस आधी जमा, दर माणसांवर आणि तासांवर, मागाहून सूट नाही.

"तिकीट महागेल मग."

"फुकटचे पास कमी करा, मास्तर. किती वाटले ते यादीसकट जाहीर करा."

मास्तर त्यावर काही बोलले नाहीत. पंचाने वहीचं पान फाडून त्यांच्या हातात दिलं आणि ते 93 चा हिशोब पुन्हा करू लागले.