कापूस विकायला काढा

जुनी मिल बंद पडून जमाना झाला. गिरण्यांच्या भोंग्यावर उठणाऱ्या सोलापुरात आता कापसात राम नाही, असं लोक म्हणतात. खोटं आहे. कापूस अजून चालतो. फक्त तो लोकांच्या कानात घालायचा आणि दरमहा पैसे घ्यायचे. म्हणजे पॉडकास्टमधल्या जाहिराती कापून देणारं सॉफ्टवेअर काढायचं आणि त्याला वर्गणी लावायची. इंजिनिअर होऊन पुण्याची हुतात्मा एक्स्प्रेस पकडायच्या आधी हे वाचा.

पॉडकास्टमध्ये, म्हणजे मोबाईलवर फुकट ऐकायच्या गप्पांच्या कार्यक्रमात, अधूनमधून जाहिराती येतात. तुमच्या सॉफ्टवेअरने सगळं बोलणं मजकुरात उतरवायचं, 'आजच्या भागाचे प्रायोजक' किंवा 'हा कोड वापरा' कुठे आलं ते हेरायचं आणि तेवढा तुकडा गाळायचा. बोटाने तीस सेकंद पुढे ढकलायला काहीच पडत नाही, हे गिऱ्हाईकाला आठवू देऊ नका. बरं, हल्ली जाहिराती फाईल उतरवतानाच चिकटवतात: तुमच्या फाईलमध्ये गादीची, शेजाऱ्याच्या फाईलमध्ये डीमॅट खात्याची. म्हणजे एकाचं कापलेलं दुसऱ्याला चालत नाही. प्रत्येकाची फाईल वेगळी कापायची, म्हणून सर्व्हरचं बिल खरंच येतं. तुमच्याकडची ही एकच खरी गोष्ट आहे, जपून वापरा.

कुणीतरी नीतीचं काढेलच. त्याला संक्रांतीत गड्ड्यावर न्या. समजा, सिद्धेश्वराच्या यात्रेच्या गर्दीत एक जादूगार खेळ करतोय. खेळ फुकट. कबुतर काढायच्या ऐन वेळी तो थांबतो आणि दंतमंजनाच्या पुड्या काढतो. त्यावरच त्याचं पोट. रिंगणाबाहेर तुम्ही कापूस घेऊन उभे. मंजन आलं की बोळे कानात, कबुतर आलं की बाहेर. माणशी दहा रुपये. खेळ त्याचा, कबुतर त्याचं, कबुतराचे दाणेही त्याचेच. तुमचा नुसता कापूस, आणि गल्ला तेवढा तुमचा. तो डोळे वटारून बघेल. सांगा त्याला, "माणसं कुठे पळवली मी? मोजून घे की!" पॉडकास्टवाल्यालाही हेच सांगायचं. तिथे बहुतेक मोजणी फाईल किती उतरली याचीच होते. कोड टाकून गादी किती जणांनी घेतली हेही जाहिरातदार बघतो म्हणा, पण तो विषय आपण होऊन काढू नये.

हात बसला की वरची पायरी. वेबसाइटवरच्या जाहिराती गाळणाऱ्या ॲडब्लॉक प्लसने २०११ मध्येच ती बांधून ठेवली आहे: सौम्य जाहिराती गाळायच्या नाहीत, आणि या सवलतीसाठी बड्या कंपन्यांकडून पैसे घ्यायचे. आपल्या भाषेत, मंजनवाल्याकडूनही हप्ता घ्या आणि कापूस जरा विरळ पिंजा. २०१८ मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने तर हे बेकायदा नाही असंच सांगितलं. निकालाची प्रत काचेत बसवून टेबलावर ठेवा. नीतीचं विचारणाऱ्याला ती दाखवायची, म्हणजे तो प्रश्न विसरतो.

उलट स्पॉन्सरब्लॉकवाल्यांकडे बघा. यूट्यूबवर प्रायोजकाचा भाग कुठून कुठवर आहे ते लोक आपणहून नोंदवतात आणि सगळ्यांना फुकट देतात. असल्या संगतीपासून लांब राहा. (काही पॉडकास्टवाले थेट वर्गणी घेऊन बिनजाहिरातीचे भाग देतात. ही बातमी गिऱ्हाईकापर्यंत पोचता कामा नये.)

अडचण एकच, आपलं गाव. पहिल्या महिन्यात वर्गणी एकाची असेल आणि पासवर्ड अख्ख्या गल्लीत. जाब विचारायला गेलात तर तो वर्गणीदार आधी कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुढे ठेवेल, मग म्हणेल, "दुसऱ्याचंच कापून देतोस की! त्याचे पैसे कसले मागायलास बे?"

भाकरी खाऊन घ्या. मग घरी येऊन दुसऱ्याच्या मेहनतीची किंमत या विषयावर पॉडकास्टचा एक भाग करा. मधे एखादा प्रायोजक मिळाला तर बघा.