लाल नकाशात आम्ही पण आहोत का?
सुवार्ता, म्हणजे येशूचा संदेश, न पोहोचलेल्या लोकसमूहांसाठी जगभरच्या मंडळ्यांनी (चर्चनी) एकत्र काम करावं, हे तुमच्या लेखातलं म्हणणं पटलं. पण या कामाचा इतिहास एकदम जगभर सुवार्ता पोहोचवण्यासाठी स्वित्झर्लंडमध्ये भरलेल्या १९७४ च्या लोझान परिषदेपासून सुरू केलात, तिथं आम्हा कोल्हापूरकरांना जरा टोचलं. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये इथं आले. त्यांचा मुलगा रॉबर्ट इथंच १८६३ मध्ये जन्मला, आणि अमेरिकेतल्या ज्या विद्यार्थी चळवळीतून पुढे हजारो मिशनरी जगभर गेले, तिच्या उभारणीत तो आघाडीवर होता. म्हणजे पोरगा आमच्या गावचा की!

राहता राहिलं सहकार्य. १९१० मध्ये एडिनबरोला भरलेल्या जागतिक मिशनरी परिषदेत बाराशेच्या आसपास प्रतिनिधी, त्यात आशियाई विसाच्या आत. तिथं दक्षिण भारतातल्या व्ही. एस. अझराया यांनी भर सभेत मिशनऱ्यांकडे मैत्री मागितली. तुमचा त्याग मान्य, पण आम्हाला मित्र हवेत, असा सूर. दोनच वर्षांनी ते अँग्लिकन मंडळीचे पहिले भारतीय बिशप झाले.

आमच्याकडे मागं परदेशी पाहुणे आले होते. पडद्यावर भारताचा नकाशा, सगळा लालभडक; लाल म्हणजे सुवार्ता न पोहोचलेला भाग. चहाच्या वेळी आत्यानं भडंगाची ताटली पुढं करत विचारलं, "ह्या लालमधी आमी बी हाय का?" दुभाष्यानं भाषांतरच केलं नाही. आत्या दर गळीत हंगामात ऊसतोड मजुरांच्या पालांवर जाते, पोरांना औषध देते, बायकांजवळ बसते. ही पालं यंदा कुठं पडलीत, हे तिला कुणी विचारलंच नाही.