फेरोची टोपी आणि ७-० चे पराभव : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांच्या फुटबॉल संघावरच्या माझ्या लेखावर तुम्ही चांगलीच झोड उठवलीत. मुद्दे सोडून काही बोलला नाहीत, म्हणून उत्तरही ऐसपैस देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : फेरो मुळात देशच नाही. १९९० साली त्यांनी ऑस्ट्रियाला हरवलं ती लॉटरी होती आणि मी तिच्यावर पस्तीस वर्षांचं कौतुक रचलं. असल्या संघांना पात्रता फेरीत मोठ्यांसमोर उभं करणं म्हणजे सगळ्यांचाच वेळ वाया. आणि एवढी शाई भारतीय फुटबॉलवर खर्च केली असती तर बरं झालं असतं.

देशाचा मुद्दा आधी उरकतो. फेरो डेन्मार्कच्या राजसत्तेखाली आहे, १९४८ पासून त्यांना स्वशासन आहे. ऑलिंपिकमध्ये त्यांना स्वतःच्या झेंड्याखाली उतरता येत नाही, तिथवर तुमचं बरोबर. पण १९८८ मध्ये फिफाने आणि १९९० मध्ये युएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेने, त्यांना सदस्य करून घेतलं. स्कॉटलंड, वेल्सला राष्ट्रीय संघ म्हणताना आपली जीभ अडखळत नाही, मग फेरोकडेच दाखला का मागायचा?

आता लॉटरी. १२ सप्टेंबर १९९०, फेरोचा पहिलाच स्पर्धात्मक सामना. समोर नुकताच वर्ल्ड कप खेळून आलेला ऑस्ट्रिया. सामना फेरोचा ‘घरचा’, पण झाला स्वीडनमधल्या लान्सक्रूना गावी, कारण घरी युएफाला चालेल असं हिरवळीचं एकही मैदान नव्हतं. गोलरक्षक येन्स मार्टिन क्नुडसेन, नोकरी मासळीच्या कारखान्यात. डोक्यावर गोंडा असलेली पांढरी लोकरीची टोपी, लहानपणी डोक्याला मार बसला होता म्हणून. लाकूड विकणाऱ्या टोर्किल नीलसेनने मधूनच चेंडू घेऊन मुसंडी मारली आणि एकमेव गोल केला. ऑस्ट्रियाचे प्रशिक्षक हिकर्सबर्गर यांना पद सोडावं लागलं.

गोष्ट इथेच संपली असती तर मीही लॉटरीच म्हटलं असतं. त्याच पात्रता फेरीत बेलग्रेडला युगोस्लाव्हियाने त्यांना ७-० ने धुतलं. मग रोमानियाकडून सात, नॉर्वेकडून सात. हे लेखात होतं, तुम्ही तेवढंच उचललंत! माझं म्हणणं त्याच्या पुढचं आहे. या संघाचे विजय मोजू नका, पराभवांचे आकडे कसे बदलत गेले ते बघा.

१९९१ मध्ये टोफ्टिर गावी डोंगर कापून मैदान झालं आणि सामने घरी येऊ लागले. २००२ मध्ये त्याच मैदानावर पहिल्या बारा मिनिटांत स्कॉटलंडवर दोन गोल चढवले, दोन्ही जॉन पीटरसेनचे. अखेर २-२ बरोबरी. जर्मनी त्या वर्षीचा वर्ल्ड कप उपविजेता. हॅनोव्हरला त्यांनी फेरोला हरवलं, पण फक्त २-१. पुढच्या जूनमध्ये फेरोच्या राजधानीत, टोर्शाव्हनला, ८९ व्या मिनिटापर्यंत ०-० होतं. मग क्लोजा आणि बोबिच यांनी घाईघाईने दोन गोल करून लाज राखली. नोंदवहीत हे दोन्ही पराभवच. पण सात गोल खाणारा संघ आणि शेवटच्या मिनिटाला दोन खाणारा संघ एकाच रकान्यात घालायचे, तर आकडेवारी ठेवायचीच कशाला?

बदल आपोआप झाला नाही. तिथल्या वाऱ्यापावसात हिरवळ टिकत नाही, म्हणून गावोगाव कृत्रिम टर्फ घातलं गेलं आणि पोरं बारमाही खेळू लागली. चांगली पोरं डेन्मार्क, नॉर्वेच्या क्लबांत जाऊ लागली. सगळ्या बेटांची लोकसंख्या पंचावन्न हजारांच्या आसपास, आपल्या रत्नागिरी शहरापेक्षाही कमी. २०२३ मध्ये क्लाक्सविक गावच्या क्लबने बुडापेस्टला जाऊन हंगेरीच्या विजेत्या फेरेन्सवारोसला ३-० ने गार केलं. फेरेन्सवारोसचे प्रशिक्षक चेर्चेसोव्ह यांची नोकरी गेली. फेरोच्या पायी नोकरी गमावणाऱ्यांची एक वेगळीच पंगत बसली आहे : हिकर्सबर्गर, ग्रीसचे रानिएरी, चेर्चेसोव्ह, आणि २०२५ मध्ये चेकियाचे हाशेक.

चढणही सरळ नाही, हे तुमच्या बाजूने मीच सांगतो. २०१८ च्या वर्ल्ड कप पात्रतेत ९ गुण मिळवणारा, २०२२ मध्ये तुर्कियेला २-१ ने हरवणारा हा संघ २०२४ च्या युरोच्या (युरोपीय देशांच्या स्पर्धेच्या) पात्रतेत अवघ्या २ गुणांवर आटोपला. मोल्दोव्हाशीसुद्धा जिंकता आलं नाही. त्यानंतरच्या वर्ल्ड कप पात्रतेत मात्र १२ गुण : मॉन्टेनेग्रोवर ४-०, चेकियावर २-१. शेवटी रिएकाला क्रोएशियाविरुद्ध पहिला गोलही त्यांचाच, मग १-३ हरले आणि गटात तिसरे राहून बाहेर पडले.

भारतावर लिहायला हवं, मान्य, पण ते स्वतंत्र. ‘एकशे चाळीस कोटी आणि हे पंचावन्न हजार’ हा टाळ्यांचा डायलॉग मी मुद्दाम टाळला. मैदानात दोन्हीकडून अकराच उतरतात आणि ते कुठे, किती महिने, कोणाच्या हाताखाली खेळले यावर पुढचं ठरतं.

राहिली तुमची सूचना : लहानांची आधी आपसांत चाळणी लावा, मगच मोठ्यांकडे पाठवा. चाळणी मानांकनाने लावणार ना? २०१४ च्या नोव्हेंबरात फेरो १८७ व्या क्रमांकावर होता आणि ग्रीस पहिल्या वीसात. फेरोने ग्रीसला त्यांच्या घरात १-० आणि पुढच्या जूनमध्ये टोर्शाव्हनला २-१ ने हरवलं. युरो पात्रतेचा तो गट संपला तेव्हा दोघांचे गुण सारखेच, ६. फेरो पाचवा, आणि २००४ चा युरो विजेता ग्रीस तळाला.