दिव्यांच्या अवसेला काळा शोधताना

आमच्या मुलुंडच्या घरातली आतली खोली दहा बाय बाराची. तिच्यात कपाट, आईचा पलंग, देवघर आणि पावसाळ्यात कपडे वाळत घालायची दोरी. गेल्या महिन्यापासून मी तिला 'होम थिएटर' म्हणतो. बाकीचे अजून आतली खोलीच म्हणतात.

प्रोजेक्टर फोर-के आहे, म्हणजे ३८४० गुणिले २१६०, जवळजवळ ८३ लाख ठिपके. खरं तर आतल्या चिपवर एकेका ठिपक्यासाठी एकेक चिमुकला आरसा असतो, आणि असे आरसे १९२० गुणिले १०८०च. पण चित्र इतक्या झपाट्याने चार जागी सरकवतात की डोळ्याला चौपट दिसतं. तिघांच्या बाकावर चौथी सीट मिळवणाऱ्या मुंबईकराला हे गणित समजावून सांगावं लागत नाही.

यंत्र कपाटावर ठेवलं, तर समोरचं चित्र पापडासारखं एका बाजूला पसरलं. ते सरळ करायला कीस्टोन नावाचं बटण असतं, पण ते चित्र दाबून सरळ करतं आणि त्यात ठिपके वाया जातात. इतके पैसे मोजून ठिपके टाकून द्यायला मन धजेना. म्हणून यंत्राखाली जुने दिवाळी अंक घातले. साडेतीन अंकांवर चित्र बरोबर येतं. अर्धा अंक कुठून आणला ते बायकोला सांगितलेलं नाही. ठिपकान्‌ठिपका स्पष्ट होईपर्यंत फोकस लावला, की रुळांवरून फास्ट लोकल धडधडत जाते आणि कपाटासकट ८३ लाख ठिपके शहारतात.

पण खरा घोळ रंगांचा. ते जुळवायला मिट्ट काळोख लागतो. मी कॅलेंडर बघून अमावास्या निवडली, म्हणजे खिडकीतून चांदणंही नको. ही आषाढातली अमावास्या आहे हे काही माझ्या लक्षात आलं नाही. संध्याकाळी खोलीत आलो तर पाटावर घासूनपुसून लखलखीत केलेल्या दोन समया, निरांजनं, लामणदिवा आणि आजीच्या वेळचा कंदील, सगळे पेटलेले.

"आई, अर्धा तास दिवे बाहेर नेऊ?"

"दिव्यांच्या अवसेला, दिवेलागणीला, घरात काळोख करणार तू?"

यावर कुठल्याही मॅन्युअलमध्ये उत्तर नाही. कणकेचे दिवे खाऊन होईपर्यंत मी थांबलो. यंत्र तेवढ्यात तापत ठेवलं. ते अर्धा तास तापल्याशिवाय रंग स्थिरावत नाहीत. शेवटी तह झाला: बाकीचे दिवे स्वयंपाकघरात, देवापुढचं एक निरांजन इथेच. मग राउटरच्या हिरव्या डोळ्यावर टिकली लावली, दाराखालच्या फटीत पायपुसणं कोंबलं. तरी पडद्यावर एक धुरकट उजेड होताच. शोधता शोधता कळलं, दोरीवरचे माझेच तीन बनियन पडद्याचा उजेड परत पडद्यावर फेकत होते.

आता काळा लावायचा. व्हिडिओच्या भाषेत १६ म्हणजे काळा आणि २३५ म्हणजे पांढरा. पडद्यावर काळ्यावर काळ्या, नंबर घातलेल्या पट्ट्या येतात. १६ दिसता कामा नये आणि १७ जेमतेम दिसली पाहिजे. हे ज्या बटणाने करतात त्याचं नाव ब्राइटनेस. उजेडाचं बटण काळोखासाठी, आणि पांढऱ्यासाठी कॉन्ट्रास्ट! ही नावं ठेवणारा माणूस भेटला तर त्याला दादरच्या पुलावर उभं करून विचारायचंय, "सांगा बघू, पूर्व कुठली?"

"सतरा दिसली?" मी कपाटाशेजारच्या स्टुलावरून विचारलं.

"दिसली," बायको म्हणाली. "नाही, गेली. आता सगळंच गेलं. अरे, आधी होतं तिथेच ठेव ना!"

वडील गच्चीवर दूरदर्शनच्या वरळीच्या टॉवरकडे टीव्हीची अँटेना वळवायचे, तेव्हा खिडकीतून आई हेच ओरडायची. फक्त तेव्हा मुंग्या घालवायच्या होत्या, आता मी विकतच्या काळोखात एक पट्टी शोधत होतो.

शेवटी ऑफिसातल्या मित्राकडून आणलेला कलरीमीटर, म्हणजे रंग मोजायचा मीटर, लावला. पांढऱ्याची झाक केल्विनमध्ये मोजतात; आकडा जास्त तितका पांढरा निळसर. कारखान्यातून आलेला पांढरा ९ हजार केल्विनच्या पुढे निघाला, म्हणजे नीळ जास्त झालेल्या धोतरासारखा. पाहिजे ६५००. रात्री साडेअकराला आकडा जुळला. मी विजयी मुद्रेने सिनेमा लावला.

"सगळ्यांना कावीळ झालीय," बायको म्हणाली.

"डोळ्यांना सवय होऊ दे."

"झोपेची सवय आहे त्यांना." ती गेली.

राहिली आई, कारण पलंग तिचा. तिच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन जूनमध्ये झालंय, डावा दिवाळीनंतर. मोतीबिंदूचं भिंग पिवळट असतं. ते काढलं की निळा रंग पुन्हा नीट दिसू लागतो. तिने उजव्या डोळ्यावर हात ठेवून पाहिलं, मग डाव्यावर. मग पुन्हा उजव्यावर.

"या डोळ्याने पिवळं दिसतंय, या डोळ्याने पांढरं," ती म्हणाली. "तू कुठल्या डोळ्यासाठी लावतोयस?"

मी मीटरकडे पाहिलं. तो ६५००च सांगत होता.

"आणि ती सतरा नंबरची पट्टी मला मघाशीच दिसत होती. कुणी विचारलं नाही." ती भिंतीकडे वळून झोपली. "निरांजनात तेल घाल जाताना."