आई ओ, वडील ए, मूल बी: रामबागच्या वाचकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

आईवडिलांचा रक्तगट मुलांकडे कसा येतो, या माझ्या लेखाखाली इथल्याच, म्हणजे इंदूरच्या रामबाग भागातल्या एका वाचकांनी लांबलचक प्रतिक्रिया लिहिली आहे. मथितार्थ असा: लेख ‘गूगलवरून उचललेला’ आहे. त्यांच्या वहिनी ओ, भाऊ ए आणि पुतण्या बी आहे, तेव्हा कुठल्या आईबापांना कुठल्या ग्रुपचं मूल होऊ शकतं, हा लेखातला तक्ता ‘साफ खोटा’ आहे. ‘असल्या लिखाणामुळे उद्या कुणाचं घर मोडलं तर जबाबदार कोण?’ शिवाय ग्रुप आईचाच येतो, पॉझिटिव्ह आईबापांना निगेटिव्ह मूल होऊच शकत नाही आणि तक्ता मोबाईलवर नीट दिसत नाही.

शेवटचं मान्य. तक्त्याचा उजवा रकाना मोबाईलवर कापला जातो, तो दुरुस्त करून घेतो.

आता भाषेबद्दल. शंका विचारायला कुणाची ना नाही, पण ‘उचललेला’ हा शब्द मला लागला. माझी सगळी नोकरी ब्लड बँकेत झाली आहे, ग्रुपिंग आणि क्रॉसमॅच (रक्त चढवण्याआधीची जुळणी) याच टेबलावर. तक्त्यातला नियम गूगलच्या कितीतरी आधीचा आहे. लँडस्टायनर यांना ए, बी, ओ हे गट व्हिएन्नात १९०१ च्या सुमारास सापडले. ते मुलांकडे एकाच जागच्या तीन पर्यायी जनुकांमुळे जातात, हे फेलिक्स बर्नस्टाइन या गणितज्ञाने १९२४ साली दाखवलं. आणि घर मोडण्याची एवढी काळजी होती, तर वहिनींचं नाव चारचौघांत लिहायला नको होतं. ते मी प्रतिक्रियेतून काढून टाकलं आहे.

मुद्द्यावर येऊ. प्रत्येकाकडे दोन जनुकं असतात, एक आईचं, एक वडिलांचं. ओ गटाच्या आईकडे ओ-ओ. ए गटाच्या वडिलांकडे ए-ए किंवा ए-ओ. त्यांची मुलं ए किंवा ओ. बी कुठून आला, हा आपला प्रश्न रास्त आहे. पण त्यावरून तक्ता खोटा ठरत नाही, आणि घरातल्या कुणाकडे बोट दाखवायचं कारण तर मुळीच मिळत नाही. तिघांपैकी कुणाचा तरी ग्रुप पुन्हा तपासायला हवा, एवढंच त्यातून निघतं. हे मूळ लेखातही होतं, आपण तिथवर वाचलं नसावं.

हे ग्रुप आपल्याला कुठून कळले? प्रतिक्रियेत भावाचा ग्रुप ‘लायसन्सवर आहे’ असं म्हटलंय. अहो, लायसन्सवरचा ग्रुप अर्ज भरणाऱ्याने स्वतः सांगितलेला असतो. शाळेच्या ओळखपत्राचीही तीच कथा. शिबिरात स्लाइडवर केलेली टेस्ट त्याहून बरी, पण तिच्यातही खोट असते. रक्ताच्या थेंबात तपासणीचं द्रव मिसळतात: अँटी-ए निळं, अँटी-बी पिवळं. ज्यात पेशी गोळा होऊन गुठळी दिसते, तो ग्रुप. थेंब मिसळले की दोन मिनिटांच्या आत वाचायचं. गर्दीत उशीर झाला की थेंबाची कड वाळते आणि वाळलेली कड गुठळीसारखी दिसते. उलट, कमजोर गुठळी घाईत नजरेतून सुटते आणि बी असलेला माणूस ओ म्हणून घरी जातो.

पुतण्याचा ग्रुप ‘जन्मताच केला’ आहे. तो बहुधा नाळेच्या रक्तावर केला असेल. नाळेतला चिकट गर पेशींना लागलेला असतो. सलाइनने चांगल्या धुतल्या नाहीत तर पेशी नुसत्या चिकटपणामुळे गोळा होतात आणि नसलेला ग्रुप दिसतो. बाळाच्या पेशींवर ए आणि बी कमजोरही असतात, त्यामुळे असलेला ग्रुप चुकूही शकतो. पडताळायला रिव्हर्स ग्रुपिंग (म्हणजे पेशींऐवजी प्लाझ्मातल्या, रक्ताच्या पातळ भागातल्या, अँटीबॉडी ए आणि बी पेशींवर तपासणं) करावं, तर बाळाच्या रक्तात स्वतःची अँटीबॉडी साधारण चार-सहा महिन्यांपर्यंत नसते, जी असते ती आईची. म्हणून जन्माच्या वेळचा ग्रुप कच्चाच धरायचा आणि मूल वर्षा-दोन वर्षांचं झाल्यावर पुन्हा करायचा.

समजा, तिघांचे ग्रुप नीट तपासूनही हेच आले. तरी दोन वाटा उरतात.

पहिली वडिलांची. कधी कधी बी इतका कमजोर असतो की माणूस असतो एबी, पण कागदावर ए लागतो. सूचना रिव्हर्समध्ये मिळते. खऱ्या ए माणसाच्या प्लाझ्माने बी पेशी चांगल्या गोळा व्हायला हव्यात. त्या झाल्या नाहीत किंवा जेमतेम झाल्या, तर रिपोर्टवर सही करायची नसते, पुढच्या तपासण्या लावायच्या.

दुसरी वाट वहिनींची, आणि मला खरी काळजी तिचीच आहे. ए आणि बी ज्या खुंटीवर अडकतात तिला एच म्हणतात. खुंटीचं जनुक वेगळं, १९ व्या गुणसूत्रावर. ए-बी-ओचं ९ व्या. खुंटीच्या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी असतील तर बीचं जनुक शाबूत असूनही बी पेशीवर दिसत नाही. फॉरवर्डमध्ये, म्हणजे पेशींच्या नेहमीच्या तपासणीत, माणूस ओ दिसतो. हाच बॉम्बे ग्रुप, मुंबईत डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ साली नोंदवलेला. अशा आईकडून मुलाला बी मिळतो, ए-ओ वडिलांकडून ओ मिळतो, खुंटीही वडिलांकडून मिळते, आणि मूल सरळ बी निघतं. तक्ता इथेही मोडत नाही, आई मुळात ओ नसते.

हा ग्रुप दुर्मीळ आहे, मुंबईकडे साधारण दहा हजारांत एक असं सांगतात. पण ओळखायला महागडी मशीन लागत नाही. रिव्हर्सच्या वेळी ए आणि बी पेशींबरोबर तिसऱ्या ट्यूबमध्ये ओ पेशी घ्यायच्या: दोन थेंब प्लाझ्मा, एक थेंब ओ पेशींचं पाच टक्क्यांच्या आतलं द्रावण, थोडं फिरवून हलक्या हाताने हलवून बघायचं. खऱ्या ओ माणसात काही होत नाही. बॉम्बेमध्ये पेशी घट्ट गोळा होतात. मग अँटी-एच लेक्टिन, म्हणजे एच ओळखणारं द्रव, लावायचं: साध्या ओ पेशी त्याने गोळा होतात, बॉम्बेच्या होत नाहीत. ओ पेशींची ट्यूब वगळली तर बॉम्बे ग्रुप ओ म्हणून सुटतो. अशा बाईला बाळंतपणात ओ रक्त चढवलं तर जीवावर बेतू शकतं, तिला बॉम्बेचंच रक्त लागतं. आपल्या प्रतिक्रियेत वहिनींच्या चारित्र्याचा विचार झाला, प्रकृतीचा झाला नाही, याचं मला वाईट वाटलं.

बाकीचं थोडक्यात. ग्रुप आईचाच येतो, हे चूक; दोघांकडून येतो. दोघे पॉझिटिव्ह असून दोघांकडे एकेक निगेटिव्ह जनुक दडलेलं असेल, तर प्रत्येक बाळंतपणात निगेटिव्ह मुलाची शक्यता चारात एक. यावर वाद घालण्यासारखं काही नाही.

आता करायचं काय ते लिहितो. तिघांनी एकाच दिवशी, एकाच ब्लड बँकेत जावं, जिथे ट्यूबवर फॉरवर्ड आणि रिव्हर्स दोन्ही करतात. प्रत्येकाची एक जांभळ्या बुचाची आणि एक साधी ट्यूब. नाव आणि वय आपल्यासमोर, रक्त काढल्या काढल्या ट्यूबवर लिहून घ्यावं, कारण अदलाबदल तिथेच होते. जुने रिपोर्ट दाखवू नयेत, टेबलावरचा माणूस नकळत तेच वाचतो. वहिनींच्या कागदावर ‘ओ पेशी’ हा रकाना मागून घ्यावा आणि त्यात काय आलं ते मला ईमेलने कळवावं, इथे प्रतिक्रियेत नको.