अर्ध्या तासात गुण देणारी मुळी नसते

हे लिहिण्याआधी मी वहिनींची परवानगी घेतली आहे. खरे तर त्यांनीच मला लिहायला सांगितले. माझा थोरला चुलतभाऊ बासष्ट वर्षांचा आहे आणि बारा वर्षांपासून त्याला मधुमेह आहे. दोन वर्षांपूर्वी त्याच्या छातीत दुखल्यावर डॉक्टरांनी जिभेखाली ठेवण्यासाठी नायट्रेटची गोळी दिली होती, ती त्याच्या पाकिटात कायम असते. गेल्या श्रावणात एका रात्री त्याच्या छातीत भरून आले. त्याने ती गोळी जिभेखाली ठेवली आणि दहा मिनिटांत तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी कोसळला. दवाखान्यात रक्तदाब इतका खाली गेला होता की तिथल्या तरुण डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो हाच, की यांनी आज दुसरी एखादी ‘ताकदीची’ गोळी घेतली होती का. भाऊ शुद्धीवर येऊनही नाहीच म्हणत राहिला. वहिनींनी घरी जाऊन त्याच्या कपाटातल्या शर्टांच्या घडीखालून एक पाकीट शोधून आणले आणि दुसऱ्या दिवशी ते माझ्या हातात देऊन म्हणाल्या, “वन्सं, तुम्ही आयुष्यभर मुळ्या ओळखायला शिकवलंत ना, मग हे काय आहे ते मला सांगा.”

मी इंदूरमध्ये औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना एकतीस वर्षे औषधी वनस्पतींची ओळख शिकवली. पाकिटावर उधळलेला घोडा होता, ‘शुद्ध आयुर्वेदिक’ असे सोनेरी अक्षरांत छापले होते आणि मागे अश्वगंधा, सफेद मुसळी, कवचबीज, गोखरू, शिलाजीत अशी यादी होती. मी एक कॅप्सूल उघडून तिची पूड सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. पिष्टाचे कण भरपूर होते, पण मुसळीच्या पुडीत दिसायला हव्यात त्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांच्या जुड्या मला कुठेच सापडल्या नाहीत. एका जुन्या विद्यार्थ्याच्या खासगी प्रयोगशाळेत तिची क्रोमॅटोग्राफी, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून ओळखण्याची चाचणी, झाली आणि त्या पुडीत सिल्डेनाफिल निघाले. म्हणजे अमेरिकेत १९९८ च्या मार्चमध्ये मान्यता मिळालेले, ताठरतेच्या तक्रारीवर डॉक्टरांच्या चिठ्ठीने घ्यायचे औषध, घोड्याच्या चित्राआड लपवून दिलेले. हे औषध आणि नायट्रेट दोन्ही रक्तवाहिन्या सैल करतात. दोन्ही एकत्र पोटात गेली तर रक्तदाब जीव जाण्याइतका उतरू शकतो, आणि नेमके याच कारणासाठी नायट्रेट घेणाऱ्या हृदयाच्या रुग्णांना त्याची सक्त मनाई असते. भावाला ही मनाई ठाऊक होती. आपण मुळ्यांची पूड घेत आहोत, अशी त्याची समजूत होती.

मला राग आहे तो या फसवणुकीचा, आणि तितकाच या वनस्पतींच्या झालेल्या बदनामीचा. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी वाजीकरण, म्हणजे कामशक्ती आणि प्रजननक्षमता वाढवण्याची चिकित्सा, हे एक स्वतंत्र अंग आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात पहिला अध्याय रसायनाचा, म्हणजे शरीराला नवे बळ देणाऱ्या चिकित्सेचा, आणि दुसरा वाजीकरणाचा. तो दुसरा अध्याय ज्यांनी मुळातून वाचला असेल त्यांना ठाऊक असेल की त्यात घाई कुठेच नाही. तिथे मुख्य पदार्थ आहेत दूध, तूप, साखर, उडीद आणि साठीचे तांदूळ. एका प्रयोगात तर गाईला उडदाचा पाला खाऊ घालून तिचे दूध घ्यायला सांगितले आहे. आधी शरीर शुद्ध करून घ्यावे, मळक्या कपड्यावर जसा रंग चढत नाही तसे मलिन शरीरात हे योग सिद्ध होत नाहीत, असे तिथे स्पष्ट म्हटले आहे. सोळाव्या वर्षाआधी आणि सत्तरीनंतर हा मार्ग धरू नये, अशी मर्यादाही घातली आहे. या सगळ्याचे उद्दिष्ट संतती आणि शरीराचे पोषण हे आहे. निपुत्रिक माणसाला सावली नसलेल्या, एकाच फांदीच्या, फळ न धरणाऱ्या झाडाची उपमा दिलेली आहे. ती उपमा आज वाचताना मला खटकते, आणि तो सगळा अध्याय पुरुषाच्या बाजूने लिहिलेला आहे हेही खरे. तरीसुद्धा त्याच अध्यायात ‘वाजीकरणमग्र्यं च क्षेत्रं स्त्री या प्रहर्षिणी’ असे वचन आहे. सगळ्या मुळ्या आणि तूप-दुधाआधी, मनाला आनंद देणारी सहचारिणी हेच श्रेष्ठ वाजीकरण मानले आहे. आमच्या भावाने घरातल्या सहचारिणीपासूनच ते पाकीट लपवून ठेवले होते.

सफेद मुसळीचे शास्त्रीय नाव क्लोरोफायटम बोरिविलियानम असे आहे आणि ते मुंबईच्या बोरिवलीवरून पडले आहे, हे वर्गात सांगितले की मुले दरवर्षी चकित होत. पावसाळ्यात उगवणारे, पांढऱ्या फुलांचे, हातभर उंचीचे झाड, पाने सुकून गेल्यावर जमिनीखालून निघणारा मुळ्यांचा झुबका, साल काढून वाळवली की हस्तिदंती रंगाच्या ठिसूळ कांड्या. जंगलातून ती इतकी उपसली गेली की आता रानात ती दुर्मीळ झाली आहे. इंदूरच्या सियागंज बाजारात मी विद्यार्थ्यांना नमुने घ्यायला नेत असे. तिथल्या एका वयोवृद्ध व्यापाऱ्याने एकदा आमच्यासमोर दोन पोती उघडली. दोन्हींवर नाव मुसळीचेच होते, पण एकात शतावरीच्याच कुळातल्या दुसऱ्या झाडाच्या सोललेल्या मुळ्या होत्या. त्यांनी दोन्हींचे तुकडे मुलांच्या तळहातावर ठेवले आणि चावून पाहायला सांगितले. ते दुसरे पोते त्यांनी स्वतःहून दाखवले याचे मला आजही कौतुक वाटते.

खाजकुहिलीची गोष्ट मला सर्वांत आवडते. शेंगेवरची सोनेरी लव अंगाला लागली तर माणूस तासभर खाजवत बसतो, म्हणून लहानपणी आम्हाला तिच्या वेलाजवळ जाऊ देत नसत. पण आतले काळसर, चकचकीत बी दुधात उकळून, साल काढून शुद्ध केले की तेच कवचबीज होते. या बियांत लेव्होडोपा हे द्रव्य नैसर्गिकरीत्या असते, तेच जे कंपवाताच्या (पार्किन्सनच्या) रुग्णांना औषध म्हणून देतात. मेंदूत त्याचे डोपामिन होते. लखनौच्या संशोधकांनी वंध्यत्वाच्या रुग्णांना हे चूर्ण रोज ५ ग्रॅम याप्रमाणे तीन महिने दुधातून दिले, तेव्हा शुक्राणूंची संख्या आणि टेस्टोस्टेरॉन दोन्ही वाढलेले आढळले. अश्वगंधेचीही ४६ पुरुषांवरची एक छोटी चाचणी आहे, तीसुद्धा ९० दिवसांची. दोन्हींत काळ तीन महिन्यांचा आहे याकडे मी मुद्दाम लक्ष वेधते आहे, कारण शुक्राणू तयार व्हायलाच साधारण अडीच महिने लागतात. गोखरूविषयी मात्र बाजारात जेवढे बोलले जाते तेवढे हाती लागत नाही. निरोगी पुरुषांवरच्या चाचण्यांत त्याने टेस्टोस्टेरॉन वाढलेले दिसले नाही.

म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगत असे तेच इथे सांगते. एखादे चूर्ण अर्ध्या तासात गुण देत असेल, तर तो गुण मुळीचा नव्हे. मुळ्या हळूहळू काम करतात, आणि त्याही सर्वांना निर्धोक नसतात. अश्वगंधेने थायरॉइडचे संप्रेरक वाढू शकते आणि काही रुग्णांत यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. कंपवाताची औषधे घेणाऱ्याने कवचबीज स्वतःच्या मनाने घेऊ नये.

आपल्या माळव्यात आणखी एका गोष्टीची भर पडते, ती अफूची. नीमच-मंदसौरच्या शेतांत अश्वगंधा पिकते तशी परवान्याने अफूही पिकते आणि नीमचला सरकारी अफू कारखाना आहे. अफू चरकात नाही. ती पुढे मध्ययुगीन ग्रंथांतून आयुर्वेदात आली आणि ‘स्तंभन’, म्हणजे वीर्यपात लांबवणे, या नावाखाली कामिनीविद्रावण रसासारख्या गोळ्यांत जाऊन बसली. अक्कलकरा, जायफळ, केशर, लवंग अशी सुगंधी नावे त्या गोळ्यांच्या घटकांत आहेत, पण काम करते ती अफूच, आणि सवयही तीच लावते. रोज एक गोळी म्हणून सुरू झालेले हळूहळू दिवसाला पाच-सहावर जाते. माझ्या ओळखीच्या एका घरात ‘देशी औषध’ म्हणून सुरू झालेल्या या गोळ्या सुटायला व्यसनमुक्ती केंद्र गाठावे लागले, आणि त्या घरातल्या बायकांना दोन वर्षे काही कळले नव्हते.

सगळ्यांत जास्त सल मला वेगळ्याच गोष्टीचा आहे. बारा वर्षांत भावाचे डोळे तपासले गेले, पाय तपासले गेले, मूत्रपिंडे तपासली गेली. मधुमेहाने नसा आणि सूक्ष्म रक्तवाहिन्या बिघडतात आणि त्यातून ताठरतेची तक्रार येते, हे वैद्यकाच्या प्रत्येक पुस्तकात आहे. पण हा प्रश्न त्याला कुणीही विचारला नाही आणि त्यानेही काढला नाही. शिश्नाच्या रोहिण्या हृदयाच्या रोहिण्यांपेक्षा बारीक असतात, त्यामुळे ज्या रोगाने पुढे हृदयविकार व्हायचा त्याची खूण तिथे कधी कधी दोन-तीन वर्षे आधीच दिसते. छातीत दुखण्याच्या किती तरी आधी त्याचे शरीर त्याला सांगत होते. त्या वेळी तो डॉक्टरकडे गेला असता तर कदाचित हृदयाची तपासणी वेळेत झाली असती. तो गेला महामार्गालगतच्या तंबूत, जिथे काचेच्या बरण्यांत मुळ्या मांडलेल्या असतात आणि कुणी नाव विचारत नाही.

अशा औषधांच्या जाहिरातींवर कायद्याने बंदी आहे. १९५४ च्या औषधे आणि जादूटोण्याचे उपाय यांविषयीच्या कायद्यात कामसुखाची क्षमता वाढवण्याचे आश्वासन देणारी जाहिरात स्पष्ट शब्दांत निषिद्ध आहे. तरीही रेल्वेच्या कडेच्या भिंती त्यांनीच रंगलेल्या दिसतात. आम्ही प्रयोगशाळेच्या अहवालासह औषध प्रशासनाकडे तक्रार केली आहे आणि मी तिचा पाठपुरावा करते आहे.

भाऊ आता बरा आहे. मागच्या महिन्यात तो वहिनींना बरोबर घेऊन मूत्ररोगतज्ज्ञांकडे गेला आणि त्याने सगळे मोकळेपणाने सांगितले. नायट्रेट चालू असताना घेता येतील असे उपाय आहेत, ते त्यांनी सुरू केले. परतताना दोघे माझ्याकडे आले. वहिनींनी डब्यातून उडदाचे लाडू आणले होते, गूळ अगदी बेताचा घातलेला, जायफळाचा वास येणारे. भावाने एक उचलला, अर्धा मोडून वहिनींच्या हातावर ठेवला आणि मला विचारले, “यात काय काय आहे, ते सांग बघू.” मी उडीद, तूप, डिंक, जायफळ अशी नावे सांगितली, आणि तो प्रत्येक नावाला मान डोलावत राहिला.