एकच मोठी 'हंटिंग' सॅक सगळीकडे चालते, हे खरं नाही

पाऊस तोंडावर आला की ट्रेकच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. थोडक्यात तो असा: 'पुन्हा पुन्हा सॅक घेत बसू नका. परदेशातले शिकारी वापरतात तशी ६५ लिटरची हंटिंग सॅक एकदाच घ्या. एका दिवसाच्या ट्रेकला अर्धी रिकामी ठेवा, चार दिवसांच्या ट्रेकला गच्च भरा. जड सामान तळाशी टाका म्हणजे तोल राहतो. बाहेर भरपूर पट्टे असतात, त्यांना काहीही अडकवता येतं. कापड वॉटरप्रूफ असतं. कॅमोफ्लाज रंगावर मळ दिसत नाही.'

मेसेज पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, नव्या मुलांचे पैसे वाचावेत एवढाच. पण गेली काही वर्षं मी नवख्यांना घेऊन सह्याद्रीत फिरतोय, आणि हा सल्ला ऐकून आलेली मुलं कुठे आणि कशी थकतात ते मी पाहिलंय. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी ती सॅक कशासाठी बनते ते बघू. अमेरिकेतल्या रॉकी पर्वतात एल्क नावाच्या मोठ्या हरणाची परवाना घेऊन शिकार होते. पूर्ण वाढलेल्या नराचं वजन तीनशे किलोच्या आसपास जातं. तो गाडीरस्त्यापासून कित्येक किलोमीटर आत पडला, तर मांस तुकडे करून पाठीवर वाहून आणावं लागतं, एका खेपेला तीस-चाळीस किलो. त्यासाठी त्या सॅकला मजबूत सांगाडा असतो आणि सांगाडा व पिशवी यांच्यामध्ये मांसाची गाठोडी बांधायला वेगळी जागा असते. कापडही अनेकदा मऊ, लव असलेलं वापरतात, कारण झुडपाला घासून आवाज झाला की जनावर सावध होतं. बंदूक किंवा धनुष्य अडकवायला पट्टे असतात. त्या कामाला ती सॅक उत्तमच आहे. आपल्याकडे मात्र १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९९१ ची त्यातली दुरुस्ती यांनंतर शौकाची शिकार उरलेली नाही. आपण राजगडाला जातो ते पाणी, डबा आणि एक कोरडा टीशर्ट घेऊन. चाळीस किलो पेलणाऱ्या सांगाड्याची सॅक रिकामीच तीन किलोच्या घरात जाते, आणि ते वजन पायथ्यापासून माथ्यापर्यंत तुम्हीच वाहता.

आता 'अर्धी रिकामी ठेवा'. एका दिवसाच्या ट्रेकचं सामान मोजून बघा. तीन लिटर पाणी म्हणजे तीन किलो. डबा आणि सुका खाऊ मिळून एक किलो. पावसाळी जॅकेट, जादा कपडे, हेडटॉर्च, प्रथमोपचाराची पिशवी धरून आणखी एक-दीड किलो. झाले साडेपाच किलो, आणि २० ते २५ लिटरच्या सॅकमध्ये ते नीट बसतात. अशी सॅक रिकामी सहाशे-सातशे ग्रॅमची असते. हेच सामान ६५ लिटरच्या सॅकेत टाकलं की ते एका जागी राहत नाही. उतरताना पाण्याची बाटली इकडून तिकडे आपटते, आणि पाय टेकायच्या नेमक्या क्षणी पाठीवरचं ओझं डावीकडे झुकतं. कळसूबाईच्या लोखंडी शिड्यांवर असा झोका बसला की माणूस हाताने कठडा गच्च धरतो आणि पुढचं पाऊल टाकायलाच घाबरतो.

यातही एक माणसाचा स्वभाव आहे. जागा दिसली की आपण ती भरतो. आई म्हणते अजून एक चादर ठेव, आपण ठेवतो.

दोन दिवसांसाठी, म्हणजे किल्ल्यावरच्या गुहेत किंवा देवळात एक मुक्काम धरून, ४० ते ४५ लिटर पुरतात. स्लीपिंग बॅग, कॅरीमॅट (अंथरायची फोमची चटई), शिधा, एक पातेलं, पाणी, सगळं मिळून नऊ-दहा किलो. मेसेज जिथे बरोबर आहे तेही सांगतो: हिमालयात स्वतःचा तंबू आणि शिधा पाठीवर घेऊन पाच-सहा दिवस जायचं असेल तर ६० लिटर लागतातच. दोर आणि ग्रुपचं सामान वाहणाऱ्या लीडरलाही मोठी सॅक हवी. पण ती पहिल्या ट्रेकला घ्यायची सॅक नव्हे.

'जड सामान तळाशी' हा त्या मेसेजमधला सर्वांत घातक सल्ला आहे. बैलगाडीत किंवा जीपमध्ये जड गोणी खाली ठेवतात ते बरोबर, पण सॅक पाठीला टांगलेली असते. वजन तळाशी आणि पाठीपासून लांब गेलं की ते खांदे मागे ओढतं. मग माणूस कमरेतून पुढे वाकून चालतो आणि दोन तासांत कंबर धरते. जड वस्तू पाठीला चिकटून, खांद्याची हाडं आणि कंबर यांच्या मधल्या उंचीवर हव्यात. तळाला स्लीपिंग बॅग, वर जॅकेट आणि खाऊ.

हरिश्चंद्रगडाची नळीची वाट, म्हणजे घळीतून वर जाणारी अवघड वाट, चढताना हे माझ्या डोळ्यांसमोर घडलं. आमच्या बॅचमधला एक मुलगा, अंगाने चांगला दणकट. सॅकेच्या तळाशी तांदूळ, कांदे-बटाटे आणि पाण्याच्या दोन बाटल्या. कातळटप्प्यावर दगडाला बिलगून वर सरकायचं असतं, आणि त्याने हात वर नेला की सॅक त्याला मागे खेचत होती. बाहेर आडवी बांधलेली कॅरीमॅट शेजारच्या कपारीत अडकली. बोटं पांढरी पडेपर्यंत त्याने खोबण धरून ठेवली होती, आणि मला वरून त्याच्या पोटऱ्या थरथरताना दिसत होत्या. शेवटी वरून दोर टाकला, त्याला बांधून घेतलं, सॅक उतरवून वेगळी ओढली आणि मग तो वर आला. वर आल्यावर बराच वेळ बोलला नाही. चूक त्याची नव्हती, त्याला भरायलाच तसं शिकवलं होतं.

त्या कॅरीमॅटवरून बाहेरच्या पट्ट्यांचंही कळलं असेल. बाहेर लटकणारी प्रत्येक वस्तू करवंदीच्या जाळीत अडकते, नाळेत, म्हणजे अरुंद घळीत, दगडांना घासते आणि मागच्याच्या तोंडावर आपटते. बाहेर फक्त हाताशी लागणारी पाण्याची बाटली ठेवावी. मॅट बांधायचीच तर उभी बांधा.

आता वॉटरप्रूफ. कापडाला आतून थर दिलेला असतो, त्यातून पाणी झिरपत नाही, इतपत खरं. पण सॅक शिवलेली असते. सुई गेली तिथे भोक असतं, चेन असते, तोंड असतं. वर हंटिंग सॅकचं मऊ कापड स्वतःच पाणी पिऊन बसतं, कारण ते कोरड्या थंड डोंगरांचा विचार करून निवडलेलं असतं, आषाढातल्या घाटमाथ्याचा नव्हे. रेनकव्हर घातलं तरी एक बाजू उघडीच राहते, तुमच्या पाठीची. मानेवरून ओघळलेलं पाणी पाठ आणि सॅक यांच्यामधून खाली जातं आणि कव्हरच्या तळाशी साठतं. माचीवर वारा सुटला तर कव्हर उडूनही जातं. आपल्या दमट हवेत तो आतला थर काही वर्षांत चिकट होऊन सोलवटतो, विशेषतः ओली सॅक तशीच माळ्यावर टाकली तर. ज्याला वॉटरप्रूफ म्हणून पैसे मोजले ती गोष्टच निघून जाते.

उपाय गावाकडे कायमचा आहे. भातलावणीला बायका-माणसं प्लॅस्टिकची खोळ डोक्यावर घेतात, तोच विचार उलटा वापरायचा. खताच्या गोणीच्या आत असतं तसं जाड प्लॅस्टिक धुऊन सॅकेच्या आत पिशवीसारखं घाला, सामान त्यात भरा, तोंड पिळून दुमडून ठेवा. सॅक भिजू दे, सामान भिजत नाही. रात्रीच्या कपड्यांचा कोरडा जोड आणि स्लीपिंग बॅग एवढं तरी त्यात असलंच पाहिजे. गुहेत रात्री अंग कोरडं करता आलं नाही, तर पावसातली थंडी हाडात शिरते.

रंगाबद्दल फार बोलायला नको. कॅमोफ्लाज माणसाला झाडीत लपवण्यासाठी असतो. धुक्यात वाट चुकलेल्या पोराला शोधायला गावातली माणसं निघतात तेव्हा ती नारिंगी, लाल, पिवळं काहीतरी नजरेने शोधत असतात.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट त्या मेसेजमध्ये नाहीच: पाठीची लांबी. माझी भाची पहिल्यांदा आमच्याबरोबर आली तेव्हा तिच्या पाठीवर अशीच उसनी मोठी सॅक होती. सामान जेमतेम सात किलो. संध्याकाळी तिने खांद्यावरचा कपडा सरकवून दाखवला, दोन्हीकडे पट्ट्याएवढे लाल वळ. 'मामा, मला नाही जमायचं हे,' म्हणाली. तिची पाठ ४१ सेंटीमीटरची आणि सॅक ४८ च्या पाठीसाठी बेतलेली. कंबरपट्टा कमरेच्या हाडावर न बसता खाली घसरत होता, त्यामुळे सगळा भार खांद्यांवर. पुढच्या खेपेला आखूड पाठीची सॅक मिळवली, तेवढंच वजन भरलं, आणि ती रतनगडाच्या नेढ्यापर्यंत, म्हणजे कातळातल्या आरपार भोकापर्यंत, गप्पा मारत चढली.

हे माप घरी घेता येतं. मान पुढे झुकवा, मानेच्या तळाशी जे हाड ठळक वर येतं त्याला कुणालातरी टेपचं टोक धरायला सांगा. दोन्ही हात कमरेच्या हाडावर ठेवा, अंगठे मागे. अंगठ्यांच्या रेषेपर्यंतचं अंतर ही तुमची पाठ. उंचीवरून ते कळत नाही, एकाच उंचीच्या दोघांची पाठ वेगळी असते. दुकानात रिकामी सॅक घालून आरशात बघू नका, आत सात-आठ किलो भरायला सांगा. सगळे पट्टे सैल करा, आधी कंबरपट्टा हाडावर बांधा, मग खांद्याचे पट्टे ओढा, शेवटी छातीचा. मग दुकानाचा जिना दोनदा चढा-उतरा. चांगला दुकानदार याला नाही म्हणत नाही.

आणि पहिल्या दोन-तीन एकदिवसीय ट्रेकना नवी सॅक घ्यायचीच गरज नाही. दोन्ही खांद्यांवर बसणारी कॉलेजची बॅग घ्या, बॅगा शिवणाऱ्याकडून तिला छातीचा एक पट्टा बक्कल लावून शिवून घ्या, आत प्लॅस्टिक घाला. चार गडांवर जाऊन आलात की किती पाणी लागतं, कुठे काचतं, काय उगाच नेलं, हे पाठच सांगते. सॅक त्यानंतर घ्या.